पाळीव कुत्र्या-मांजरांची प्रतिबंधक आरोग्यनिगा

कुत्री व मांजरे आजारी पडण्याआधीच घ्यावयाची काळजी. लसीकरण हा तिचा गाभा. आईच्या चिकातून मिळालेली प्रतिपिंडे काही आठवडे पिलाचे रक्षण करतात, पण तीच लसही निष्प्रभ करू शकतात. ती केव्हा ओसरतील हे पिलागणिक बदलते. म्हणून सहाव्या-आठव्या आठवड्यापासून किमान सोळाव्या आठवड्यापर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी लस देतात. ‘एक सुई टोचली, झाले’ ही समजूत इथेच फसते. कुत्र्यांत डिस्टेंपर, पार्व्हो व संसर्गजन्य यकृतशोथ, तर मांजरांत पॅनल्युकोपेनिया, हर्पीज व कॅलिसी विषाणूंविरुद्धच्या लसी मुख्य होत. रेबीजची लस साधारणतः तीन महिन्यांच्या वयात आणि पुढे भारतात बहुधा दरवर्षी देतात. घरातच राहणारे मांजरही तिला अपवाद नाही. उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस पसरत असल्याने मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात कुत्र्यांना त्याविरुद्धची लसही महत्त्वाची ठरते.

जंतनाशक लहान पिलांना पंधरवड्याने, मोठ्यांना साधारणतः तीन महिन्यांनी देतात. गोचिडांमुळे कुत्र्यांना बॅबेसिया व एर्लिकियाची बाधा होते. मात्र कुत्र्यांचे पर्मेथ्रिनयुक्त गोचीडनाशक मांजराला लावल्यास ते दगावू शकते. माणसांची पॅरासिटामॉलची गोळीही त्याला तितकीच घातक.