पुस्तकात आहे, दुकानात नाही

गेल्या रविवारी करवंटीच्या तुकड्यांवर एम-सील थापत बसलो होतो. आईने विचारलं, "हे काय चाललंय?" म्हटलं, "राक्षस." ती काही न बोलता आत गेली. अठ्ठावीस वर्षांच्या घोड्याशी आणखी काय बोलणार!

तर मंडळी, ज्यांना वॉरहॅमर ४०,००० माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: टेबलावर इंच-दीड इंचाचे सैनिक मांडायचे, टेपने अंतर मोजायचं आणि फासे टाकून लढायचं. गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश कंपनीने हा खेळ १९८७ साली काढला. माझं सैन्य टिरॅनिड्सचं, म्हणजे ग्रहच्या ग्रह फस्त करणारी अंतराळातली टोळधाड. आणि तिच्यातली खरी मजा मोठ्या राक्षसांची.

२०१० साली या सैन्याचं नवं नियमपुस्तक आलं. त्यात टर्विगॉन होता, रणांगणावरच पिल्लं घालणारा. आकाशातून सैन्य घेऊन पडणारा मायसेटिक स्पोर होता, हार्पी होती. नियम होते, गुण होते, फक्त मॉडेल बाजारात नव्हतं. आमच्या भाषेत सांगायचं तर इंटरफेस डिक्लेअर केला, इम्प्लिमेंटेशन तुम्ही लिहा!

आणि लोकांनी लिहिलं की. कोणी जुन्या कार्निफेक्सला पोट चिकटवलं, कोणी पुट्टीने अख्खा राक्षस घडवला. यात वावगं काहीच नव्हतं. १९८० च्या दशकात कंपनीच्याच 'व्हाइट ड्वार्फ' मासिकाने डिओडरंटच्या रिकाम्या डबीतून रणगाडा कसा करायचा ते शिकवलं होतं.

पण टेक्सासमधल्या चॅप्टरहाऊस स्टुडिओज नावाच्या छोट्या कंपनीने अशा जोड-भागांचा धंदाच मांडला. कार्निफेक्सचा टर्विगॉन करायचा संचही त्यांच्याकडे मिळे. २०१० च्या डिसेंबरात गेम्स वर्कशॉपने त्यांच्यावर कॉपीराइट आणि ट्रेडमार्कचा दावा ठोकला. २०१३ साली शिकागोत ज्युरीचा निकाल लागला: काही मुद्दे हिने जिंकले, काही तिने. भरपाई मिळाली २५,००० डॉलर. एवढ्या वकिलांचा चहा तरी निघाला असेल का त्यात, कोण जाणे.

मधल्या काळात, २०१२ मध्ये टर्विगॉनचं अधिकृत किट आलं. २०१४ च्या जानेवारीत हार्पीचंही आलं, पण त्याच वेळी आलेल्या नव्या पुस्तकातून मायसेटिक स्पोर गायब! पॅरासाइट ऑफ मॉर्ट्रेक्सही गायब. ज्याचं मॉडेल नाही, त्याला पुस्तकात जागा नाही. खेळाडूंनी याचा संबंध खटल्याशी जोडला आणि मलाही तो बरोबर वाटतो. लोकांनी हाताने केलेले स्पोर एका रात्रीत बिनकामाचे झाले. त्याच वर्षअखेरीस टिरॅनोसाइट नावाने तसलंच काहीतरी डब्यात घालून विकायला आलं. पॅरासाइट परतला थेट २०२२ मध्ये, अर्थात मॉडेलसकट.

कंपनीचं चुकलं असं मी सरळ म्हणणार नाही. कोड विकून जगणाऱ्याने तसं कुठल्या तोंडाने म्हणावं? शिवाय नवी किट्स सुरेख असतात. पण आधी कल्पना पुस्तकात यायची आणि राक्षस आपल्या टेबलावर जन्मायचा. आता डबा आधी, कल्पना त्याच्या मापाची. ते काही मला पटत नाही.

असो. माझ्या राक्षसाचं नाव घोण. फूटभर लांब, लढत नाही, नुसती आडवी पडते. खंदकावर, नदीवर, किल्ल्याच्या भिंतीवर पडायचं आणि बाकीच्या टोळीने तिच्या पाठीवरून पलीकडे जायचं. करवंटीचे तुकडे म्हणजे पाठीवरच्या ढाली. स्पर्धेत हिला कोणी उभं करणार नाही, पण आमच्या चौघांच्या ग्रुपमध्ये चर्चा सुरू आहे. एक मित्र म्हणतो, पूल मध्येच मेला तर वरचे सगळे बुडाले पाहिजेत. दुसरा म्हणतो, निम्मे. मी अर्थातच निम्म्यांच्या बाजूने.

मोठ्या घोणीला पायांच्या २१ जोड्या असतात. म्हणजे ४२ पाय. आत्तापर्यंत नऊ झालेत.