यूएस-64 : एका भरवशाची वाटचाल

निवृत्तीच्या वेळी हाती आलेला फंड आणि ग्रॅच्युइटी ठेवायची कुठे, याची नोकरदार घरांत वर्षानुवर्षे ठरलेली उत्तरे होती : पोस्ट, बँकेची मुदत ठेव आणि ‘युनिट्स’. युनिट्स म्हणजे यूएस-64. ती काढणारी संस्था युनिट ट्रस्ट ऑफ इंडिया.

टी. टी. कृष्णम्माचारी अर्थमंत्री असताना 1963 च्या कायद्याने ट्रस्टचा पाया घातला गेला. 1 फेब्रुवारी 1964 ला मुंबईत स्थापना झाली आणि 1 जुलैला दहा रुपये दर्शनी किमतीची पहिली योजना आली. शेअर बाजाराला बिचकणाऱ्या माणसालाही कंपन्यांच्या नफ्यात वाटा मिळावा, हा हेतू. पहिला लाभांश 6.1 टक्के होता. 1971 मध्ये विम्याची जोड असलेली युलिप आली, 1978 मध्ये ट्रस्टच्या नियंत्रणात रिझर्व्ह बँकेची जागा आयडीबीआयने घेतली, 1986 मध्ये मास्टरशेअर आला. 1987 मध्ये स्टेट बँकेचा फंड येईपर्यंत म्युच्युअल फंड म्हणजे युनिट ट्रस्टच.

यूएस-64 ची मेख तिच्या किमतीत होती. एनएव्ही, म्हणजे एका युनिटमागचे निव्वळ मालमत्ता मूल्य, जाहीर होत नसे. खरेदी-विक्रीचे भाव ट्रस्टच ठरवी. जुलैत ते सर्वांत कमी, पुढे महिन्यागणिक थोडे वर. म्हणून जाणते लोक जुलैत युनिट्स घेत आणि लाभांशाकडे व्याजासारखे पाहत. नव्वदच्या दशकात तो 26 टक्क्यांपर्यंत गेला, तेव्हा शंका कोण घेणार? आत मात्र शेअर्सचे प्रमाण वाढत गेले होते. बाजार पडला तरी भाव चढाच, ही कसरत किती काळ चालणार?

1998 मध्ये राखीव निधी उणे झाल्याचे उघड झाले. दीपक पारेख समितीने भाव एनएव्हीशी जोडण्याचा मार्ग सुचवला. पण तो मुक्काम तीन वर्षांच्या अंतरावर ठेवला गेला. माझ्या मते खरे नुकसान या सवलतीने केले. एप्रिल-मे 2001 मध्ये बड्या कंपन्यांनी चढ्या भावाने युनिट्स परत करून चार हजार कोटींहून अधिक रुपये नेले. जुलैच्या आरंभी ट्रस्टने विक्री आणि पुनर्खरेदी सहा महिने थांबवली. अध्यक्ष पायउतार झाले. त्यांच्या जागी एम. दामोदरन आल्यावर छोट्या धारकांसाठी ऑगस्टपासून मर्यादित युनिट्सची पुनर्खरेदी सुरू झाली : दहा रुपयांनी, पुढे महिन्याला दहा पैसे वाढ. ज्याचा दवाखाना किंवा मुलीचे लग्न त्याच जुलैत होते, त्याला या दहा पैशांचा काय उपयोग?

1 फेब्रुवारी 2003 ला ट्रस्टचे दोन तुकडे झाले. एनएव्हीवर चालणाऱ्या योजना यूटीआय म्युच्युअल फंडाकडे गेल्या; स्टेट बँक, एलआयसी, बँक ऑफ बडोदा आणि पंजाब नॅशनल बँक त्याचे प्रायोजक झाले. यूएस-64 आणि खात्रीच्या परताव्याच्या योजना सरकारच्या ‘विशेष उपक्रमा’कडे आल्या. धारकांना पाच हजार युनिट्सपर्यंत बारा रुपये आणि त्यापुढे दहा रुपये भाव मिळाला. रोख नको असणाऱ्यांना 6.75 टक्क्यांचे करमुक्त रोखे.

त्या वेळी तोट्याची जोखीम सरकारने घेतली, हे मान्यच. पण विशेष उपक्रमाकडे आयटीसी, लार्सन अँड टुब्रो आणि युनिट ट्रस्टनेच उभ्या केलेल्या यूटीआय बँकेचे, म्हणजे आजच्या अ‍ॅक्सिसचे, शेअर्स होते. पुढे बाजार उसळला, ते शेअर्स कैक पटींनी वाढले आणि टप्प्याटप्प्याने विकून आलेला पैसा सरकारी तिजोरीत जमा झाला. अ‍ॅक्सिसमधला शेवटचा वाटा 2022 मध्ये विकला गेला. रोखेधारकांचा हिशेब 2008 मध्येच मिटवलेला होता.