गप्प जनुकांचे रसायन

हर्मन मुलर यांनी क्ष-किरण सोडलेल्या फळमाश्यांच्या वंशात काही माश्यांचे डोळे चट्टेरी निघाले: कुठे लाल, कुठे पांढरे. हे निरीक्षण त्यांनी १९३० साली प्रसिद्ध केले. लाल रंगाला लागणारे जनुक शाबूत होते. मात्र गुणसूत्र तुटून पुन्हा जुळताना ते घट्ट गुंडाळलेल्या भागाशेजारी जाऊन पडले होते आणि काही पेशींत गप्प झाले होते. या विषयात नव्याने येणाऱ्याने याच डोळ्यापासून सुरुवात करावी, असे मला मनापासून वाटते. जनुकाचा मजकूर तोच राहूनही त्याचे वागणे बदलते, हे इथे उघड दिसते.

त्या घट्ट भागाला हेटेरोक्रोमॅटिन हे नाव एमिल हाइट्झ यांनी १९२८मध्ये दिले होते. पुढे बराच काळ ती पेशीतली अडगळच मानली गेली. ही समजूत सोडूनच आत यावे, कारण जनुकाला गप्प ठेवणे हे पेशीचे सतत चालणारे काम आहे.

माणसाच्या एका पेशीतला डीएनए सुमारे दोन मीटर लांब भरतो. आठ-आठ हिस्टोन प्रथिनांच्या गाभ्यांभोवती तो गुंडाळलेला असतो. हिस्टोनांच्या शेपट्या मात्र बाहेर राहतात आणि बरीचशी रासायनिक उलाढाल तिथेच चालते. ॲसिटिल गटांचा जनुकाच्या कामाशी संबंध असावा, हे व्हिन्सेंट ऑल्फ्री यांनी १९६४मध्येच सुचवले होते. घट्टपणाचा धागा मात्र २००० साली हाती आला. थॉमस येनुवाइन यांच्या गटाने दाखवले की एक विकर एच३ हिस्टोनच्या नवव्या लायसिनवर मिथाइल गट चढवते. या विकराचे माशीतले जनुक आधीच माहीत होते: ते बिघडले की डोळ्यातले पांढरे चट्टे कमी होतात! पुढच्याच वर्षी कळले की एचपी१ हे प्रथिन नेमकी हीच खूण ओळखून तिथे बसते. ते त्याच विकराला पुन्हा बोलावते, शेजारच्या हिस्टोनवर नवी खूण चढते आणि घट्टपणा पुढे सरकतो. तो कुठवर सरकला हे पेशीगणिक वेगळे, म्हणून डोळा चट्टेरी.

मला सर्वांत मोहवते ती शेजारच्या दहाव्या सेरीनची करामत. पेशीविभाजनाच्या वेळी ऑरोरा बी हे विकर त्यावर फॉस्फेट चढवते. मिथाइलची खूण तशीच असते, तरी एचपी१ची पकड सुटते. विभाजन संपता संपता फॉस्फेट उतरते आणि एचपी१ परत येते. म्हणजे खूण टिकवूनही तिचे वाचन थांबवता येते.

आता ‘घट्ट’ म्हणजे नेमके काय, यावरच वाद आहे. एचपी१चे रेणू काही सेकंदांत जागा सोडतात आणि दुसरे येतात. २०१७मध्ये दोन गटांनी एचपी१ द्रवाच्या थेंबांसारखे एकत्र येत असल्याचे मांडले. जिवंत पेशीतही घट्टपणा अशा थेंबांमुळेच येतो का, हे ठरवणारे प्रयोग सध्या चालू आहेत.