डेटाबेसची दुसरी प्रत : किती दूर, किती ताजी?

डेटाबेसची प्रतिकृती, म्हणजे मूळ सर्व्हरवर होणारी प्रत्येक नोंद दुसऱ्या सर्व्हरवर सतत पोहोचवत राहण्याची व्यवस्था. आपत्तीच्या वेळी काम पुढे चालू राहावे, हा तिचा हेतू. ती कोणत्या पद्धतीची असावी, याचे उत्तर तंत्रज्ञाने एकट्याने द्यावयाचे नसते. संस्थेच्या चालकांनी त्याआधी दोन आकडे ठरवावे लागतात. पहिला, किती मिनिटांच्या नोंदी गमावणे परवडेल (आरपीओ). दुसरा, सेवा किती वेळात पूर्ववत व्हावी (आरटीओ, वाहतूक खात्याशी याचा संबंध नाही). ‘काहीही गमावता कामा नये’ असे उत्तर बैठकीत चटकन दिले जाते. त्याची किंमत मात्र नंतर कळते.

मुख्य पद्धती दोन. समकालिक पद्धतीत दुसऱ्या सर्व्हरकडून पोच मिळाल्याशिवाय व्यवहार पूर्ण झाला असे मानले जात नाही. असमकालिक पद्धतीत मूळ सर्व्हर पोचेची वाट पाहत नाही; दुसरी प्रत काही क्षण, कामाचा ताण वाढल्यास काही मिनिटेही, मागे राहते. मायएसक्यूएलची अर्धसमकालिक पद्धत या दोहोंच्या मधली आहे. पोस्टग्रेसमध्ये प्रवाही प्रतिकृती २०१० साली ९.० या आवृत्तीत आली आणि समकालिक पर्याय पुढल्याच वर्षी ९.१ मध्ये मिळाला. तेथे प्रत्येक व्यवहारापुरतीही निवड करता येते : पैशांच्या नोंदीला पोच हवी, भेटींच्या मोजणीला नको.

समकालिक पद्धतीला अंतराची मर्यादा आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. हजार किलोमीटरवरच्या प्रतीकडे जाऊन परत येण्यास त्यामुळे किमान दहा मिलिसेकंद लागतातच. कितीही महाग यंत्र घेतले तरी ते वाचत नाहीत. एका व्यवहाराला हे नगण्य, पण एकामागून एक चालणाऱ्या हजारो नोंदींत ते साचत जाते. उलट प्रत जवळ ठेवावी, तर आपत्तीही तिच्याजवळच असते. पणजीतील सर्व्हरची प्रत फोंड्यात ठेवली, तर एकाच पावसाळ्यात दोन्हीकडची वीज जाण्याचा संभव उरतोच. शेअर बाजारांसाठी ‘सेबी’ने म्हणूनच दोन्ही गोष्टी मागितल्या आहेत : नोंदी न गमावण्यासाठी जवळचे केंद्र, आणि आपत्तीसाठी शक्यतो वेगळ्या भूकंपप्रवण क्षेत्रातील किंवा किमान ५०० किलोमीटर दूरचे केंद्र.

तरीही जवळची प्रत निर्धोक नव्हे. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईतील राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११.४० वाजता थांबले, ते दुपारी ३.४५ ला पुन्हा सुरू झाले. मुख्य आणि जवळच्या केंद्रांमधील दूरसंचार जोडण्या तुटल्या, आणि त्यानंतर साठवण यंत्रणेच्या अनपेक्षित वागण्याने मुख्य केंद्रातील साठवणही अनुपलब्ध झाली, असे बाजाराने स्पष्ट केले होते. पोस्टग्रेसमध्येही एकच समकालिक प्रत ठेवली आणि ती बंद पडली, तर मूळ सर्व्हर पोचेसाठी ताटकळत राहतो. दोन प्रती ठेवून त्यांपैकी कोणत्याही एकीची पोच पुरेशी मानणे, हा त्यावरचा रूढ तोडगा.

असमकालिक पद्धतीचा धोका वेगळा. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहबची अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील जोडणी अवघी ४३ सेकंद तुटली. स्वयंचलित यंत्रणेने तेवढ्यात मूळ सर्व्हरची जबाबदारी पश्चिम किनाऱ्याकडे दिली. पूर्वेच्या काही सेकंदांच्या नोंदी पश्चिमेला पोहोचल्या नव्हत्या, आणि पश्चिमेने नव्या नोंदी घेण्यास सुरुवात केली होती. दोन्हीकडे वेगवेगळे सत्य तयार झाले. कंपनीने वेगापेक्षा नोंदींची अखंडता निवडली. सेवा २४ तास ११ मिनिटे विस्कळीत राहिली. जबाबदारी आपोआप हलू द्यावी की माणसाने निर्णय घ्यावा, हा प्रश्न प्रतिकृतीच्या निवडीइतकाच मोठा आहे. छोट्या संस्थेने दूरच्या केंद्राबाबत तो माणसाच्या हाती ठेवणे अधिक शहाणपणाचे.

प्रतिकृती आणि बॅकअप यांची गल्लत मात्र सर्वांत महागात पडते. चुकून पुसलेले टेबल प्रतीवरूनही त्याच तत्परतेने पुसले जाते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅबमध्ये प्रतिकृती दुरुस्त करताना एका अभियंत्याने दुसऱ्या सर्व्हरऐवजी मूळ सर्व्हरवरचा डेटा पुसला. सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले. नेहमीचे बॅकअप चुकीच्या आवृत्तीच्या साधनामुळे तयारच होत नव्हते, आणि त्याच्या सूचनांचे ईमेल वाटेतच नाकारले जात होते. चाचणीसाठी सुमारे सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली एक प्रत कामी आली. त्यानंतरच्या नोंदी गेल्या. पोस्टग्रेसमध्ये प्रतीला मुद्दाम काही तास मागे ठेवता येते. अशी ‘उशिराची’ प्रत अपघाताने पुसलेले परत आणते, पण तीही बॅकअपची जागा घेत नाही.

एखाद्या पतसंस्थेला किंवा मध्यम आकाराच्या हॉटेलला एवढा थाट लागत नाही. दूरच्या शहरात एक असमकालिक प्रत, रोजचा बॅकअप तिसऱ्याच ठिकाणी, प्रत किती मागे आहे यावर सतत नजर, आणि तीन महिन्यांतून एकदा कामकाज खरोखर दुसऱ्या सर्व्हरवरून चालवून पाहणे, एवढ्याने बहुतेक गरज भागते. यांतला शेवटचा भाग कागदोपत्री उरकण्याची प्रथा आहे. तो एखाद्या रविवारी, कर्मचारी हजर असताना, घड्याळ लावून करावा. लागलेला वेळ हाच संस्थेचा खरा आरटीओ.