चरित्रकाव्य आणि कच्चे मडके

आपल्या वाडवडिलांचे चरित्र पद्यात गुंफावे, अशी हौस आपल्या शिंपी ज्ञातीतील पुष्कळांना आहे. ही हौस आपणांस शोभणारीच होय; कारण मराठीतील आरंभीच्या चरित्रकाव्याचा मान आपल्याच श्रीसंत नामदेव महाराजांकडे (इ. स. १२७० ते १३५०) जातो.

ज्ञानेश्वर महाराजांनी इ. स. १२९६ मध्ये आळंदीस समाधी घेतली. त्यांचे चरित्र सांगणारी ‘आदि’, ‘तीर्थावळी’ व ‘समाधी’ अशी तीन अभंगप्रकरणे नामदेवांच्या नावावर आहेत. पहिल्यात भावंडांची जन्मकथा, दुसऱ्यात उभयतांची तीर्थयात्रा आणि तिसऱ्यात अखेरचा वियोग आहे. त्यांतील कोणते अभंग मूळ व कोणते मागाहून आलेले, याविषयी विद्वानांत वाद आहे. तथापि माउलींचे चरित्र वारकऱ्यांच्या मुखी राहिले, ते मुख्यतः या अभंगांमुळेच.

पुढे सुमारे चारशे वर्षांनी, शके १६८४ (इ. स. १७६२) मध्ये, ताहराबादच्या महिपतींनी ‘भक्तविजय’ हा ग्रंथ रचला व त्याचे अनेक अध्याय नामदेवांस दिले. चरित्रकार स्वतःच चरित्राचा विषय झाला! महिपतींनी आपल्यापूर्वीच्या नाभाजी व उद्धवचिद्घन यांचे ऋण मोकळेपणाने मान्य केले आहे. ओवीचे बंधन सैल असल्यामुळे कथा न अडखळता पुढे जाते. म्हणून त्यांची निवडही मार्मिक म्हटली पाहिजे.

नामदेवांच्या कथेतील एक प्रसंग सर्वांस ठाऊक आहे. संतमेळा जमला असता मुक्ताबाईंच्या सूचनेवरून गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन प्रत्येकाचे मस्तक थापटून पाहिले. इतर संत स्वस्थ बसले. नामदेवांस मात्र राग आला. “हे मडके कच्चे आहे,” असा निर्णय काकांनी दिला. तो अपमान घेऊन नामदेव पंढरीस देवाकडे गेले आणि देवाच्याच सांगण्यावरून विसोबा खेचरांस शरण गेले. परंपरेने हा प्रसंग झाकला नाही. तो गाळला असता, तर विसोबांकडे जाण्याचे कारणच उरले नसते.

हे सारे आम्ही वर्गात अनेक वर्षे शिकविले. परंतु स्वतः लेखणी घेतली तेव्हा विसरलो. काही वर्षांपूर्वी ज्ञातीतील एका दिवंगत वृद्ध कारागिरांवर आम्ही शंभर ओव्या रचल्या. त्यांचे कापड कधी वाया गेले नाही, मुखातून कधी कठोर शब्द गेला नाही, असे वर्णन केले. त्यांच्या पत्नीस ते वाचून दाखविले. शांतपणे ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, “मास्तर, फार छान आहे. पण हे कोणाचे?”

मग त्यांनीच सांगितले. नवे दुकान असता लग्नघरच्या एका कोटाचे भारी कापड यजमानांच्या कात्रीखाली चुकीचे कापले गेले. गिऱ्हाइकाने बोलण्यापूर्वीच त्यांनी नवे कापड आणून कोट वेळेवर शिवून दिला. त्यासाठी पत्नीच्या हातची पाटली गहाण पडली. तेव्हापासून दोनदा माप घेतल्याखेरीज त्यांनी कापडास कात्री लावली नाही. ही हकीकत आम्हांस अगोदरच ठाऊक होती. ती लिहिल्याने मृताचा उणेपणा होईल, या भीतीने आम्हीच ती गाळली होती. त्या भीतीने त्यांच्या पत्नीचा त्यागही गाळला गेला, हे आमच्या ध्यानी आले नव्हते.

आम्ही पंचवीस ओव्या काढून टाकल्या व बारा नव्या घातल्या. वर्षश्राद्धाच्या दिवशी त्या वाचल्या, तेव्हा बाईंनी डोळ्यांस पदर लावला आणि थोरल्या नातवाने विचारले, “आजी, ती पाटली सुटली का?” ती सुटली होती; तीही एक ओवी मग वाढली.

म्हणून पुढील स्मरणिकेसाठी पद्य रचू इच्छिणाऱ्या तरुण बंधुभगिनींस आमची विनंती आहे की, वृत्त थोडे चुकले तरी चालेल. परंतु लेखणी घेण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांस विचारावे, आणि त्या सांगतील तो कच्च्या मडक्याचा प्रसंग गाळू नये.