अपघातप्रवणता, वाहनचालकांची
सारख्याच परिस्थितीत वाहन चालविणाऱ्यांपैकी काहींच्या हातून इतरांपेक्षा वारंवार अपघात होण्याची स्थायी प्रवृत्ती. या संकल्पनेचा उगम कारखान्यांतील पाहणीत आढळतो. पहिल्या महायुद्धकाळात ब्रिटनमधील दारूगोळ्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रियांच्या अपघातनोंदी तपासून ग्रीनवुड व हिल्डा वुड्स यांनी १९१९ मध्ये असे दाखविले, की थोड्या व्यक्तींच्या वाट्याला पुष्कळ अपघात येतात. १९२६ च्या सुमारास ब्रिटनमध्ये फार्मर व चेंबर्स यांनी, तर जर्मनीत कार्ल मार्बे यांनी या प्रवृत्तीस नाव दिले. फार्मर व चेंबर्स यांनी १९३९ मध्ये मोटारचालकांची मानसशास्त्रीय पाहणीही प्रसिद्ध केली. कॅनडातील टिलमन व हॉब्ज यांनी १९४९ मध्ये टॅक्सीचालकांच्या अभ्यासावरून, माणूस जसा जगतो तसाच तो वाहन चालवितो, असे प्रतिपादिले.

अपघाती चालक हुडकून त्यांना दूर केले की रस्ते निर्धोक होतील, ही अपेक्षा मात्र फोल ठरली. १०० चालकांत ५० अपघात केवळ यदृच्छेने विभागले गेले, तरी सुमारे ६० चालकांना एकही अपघात होत नाही आणि सुमारे ९ चालकांच्या वाट्याला मिळून २० अपघात येतात. अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील सुमारे ३० हजार चालकांपैकी ४ टक्के चालकांकडे १९३१–३३ मधील ३६ टक्के अपघात होते. परंतु त्यांना वगळूनही पुढील तीन वर्षांतील अपघात सुमारे ४ टक्क्यांनीच घटले असते, असे फोर्ब्ज यांनी १९३९ मध्ये दाखविले. दक्षिण आफ्रिकेतील आर्बस व केरिच यांनी १९५१ मध्ये या संकल्पनेच्या सांख्यिकीय आधाराची कठोर चिकित्सा केली.

त्यानंतर स्थायी स्वभावापेक्षा बदलत्या अवस्थांकडे लक्ष वळले. बोर्कनस्टाइन यांच्या १९६४ मधील अहवालाने रक्तातील मद्यार्काबरोबर धोका वाढतो, हे सिद्ध केले. तारुण्य, अननुभव, थकवा व निद्रानाश हीही कारणे मानली जातात. वाहन चालविताना दूरध्वनीवर बोलल्याने धोका सुमारे चौपट होतो, असे १९९७ मधील कॅनडातील अभ्यासात आढळले. २००७ मधील एका नेदर्लंड्समधील समीक्षेनुसार वारंवार अपघात होणाऱ्यांची संख्या यदृच्छेने अपेक्षित संख्येपेक्षा अधिक असते. म्हणून व्यक्तिभेद नाकारता येत नाहीत. तथापि केवळ पूर्वीच्या अपघातांवरून एखाद्या चालकास अपघातप्रवण ठरविणे अन्यायाचे होय. त्यामुळे रस्त्याची रचना, वाहनातील दोष आणि कामाचे दीर्घ तास ही निवारण करता येण्याजोगी कारणे दुर्लक्षित राहतात.