अर्थिंग नसलं तरी गीझर तापतो

शिक्षक-प्रशिक्षणाच्या शिबिरांत एक तक्ता हमखास पडद्यावर येतो. वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २० टक्के आणि स्वतः केलेलं ९० टक्के. खाली एडगर डेल यांचं नाव. त्यावरून आयटीआयसारख्या धंदेशिक्षणाबद्दल एक मत रुळलं आहे: थिअरीचा तास म्हणजे वेळ फुकट घालवणं. या मुलांना सरळ वर्कशॉपमध्ये सोडा; हात चालला की डोकं मागोमाग येतं.

या मतामागची चीड मला समजते. अनेक ठिकाणी थिअरीचा तास म्हणजे फळ्यावरची प्रश्नोत्तरं वहीत उतरवून घेणं. ज्याने ट्रान्सफॉर्मर अजून उघडून पाहिलेला नाही, त्याला त्याचे भाग पाठ करायला लावणं हे शिकवणं नव्हे. अशा तासाची बाजू मला घ्यायची नाही.

पण पुरावा म्हणून जे पुढे केलं जातं, ते टिकत नाही. डेल यांनी १९४६ साली अनुभवांचा शंकू मांडला, त्यात एकही टक्केवारी नव्हती. ते आकडे नंतर कुणीतरी चिकटवले. दुसरा आधार जास्त वजनदार आहे. २०१४ साली स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २२५ अभ्यास एकत्र तपासले. नुसती व्याख्यानं असलेल्या वर्गांत नापासांचं प्रमाण सुमारे ३४ टक्के निघालं, विद्यार्थ्यांना सक्रिय ठेवणाऱ्या वर्गांत सुमारे २२ टक्के. निष्कर्ष मोलाचा आहे. पण ते वर्ग विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवीचे होते. तिथे सक्रिय असणं म्हणजे वर्गात प्रश्न सोडवणं, शेजाऱ्याशी चर्चा करणं, उत्तर देणं. हातात पकड-पाना देऊन समजावणं बंद करा, असं त्यातून कुठेच निघत नाही.

खरा मुद्दा त्याहून खोल आहे. हात तेवढंच शिकतो, ज्याचं उत्तर काम ताबडतोब देतं. सोल्डरिंग कच्चं राहिलं तर सांधा सुटतो, आटे चुकले तर नट बसत नाही. तिथे शंभर शब्दांपेक्षा एक फसलेला जॉब जास्त शिकवतो. पण इलेक्ट्रिशियनच्या पोराने गीझर बसवताना अर्थिंगची वायर जोडलीच नाही तर काय होतं? काहीच होत नाही. पाणी तापतं, दिवा लागतो, गिऱ्हाईक पैसे देतं. अशी वीस गीझरं बसवली की त्याची खात्रीच पटते की ती हिरवी वायर शोभेची आहे. मग एक दिवस आतलं एलिमेंट फुटतं आणि गीझरच्या पत्र्यावर करंट उतरतो. जीव घ्यायला अँपिअरचा दहावा भागही पुरतो, आणि १६ अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण गीझर चालू असताना एरवीच आठ-नऊ अँपिअर घेत असतो. एमसीबी वायरिंग वाचवते. माणसासाठी ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी लागते. हे अनुभवाने शिकायचं म्हटलं तर कुणाचा तरी बळी द्यावा लागेल. ते सांगावंच लागतं, आणि नीट, कारणासकट सांगावं लागतं.

कारण कळल्याने काय फरक पडतो, हे चार्ल्स जड यांनी १९०८ सालीच दाखवलं. मुलांना पाण्याखालच्या निशाणावर डार्ट मारायला सांगितलं. एका गटाला प्रकाशाचं वक्रीभवन आधी समजावलं, दुसऱ्याला नाही. निशाण १२ इंच खोल असताना दोन्ही गट सारखेच. म्हणजे थिअरी वाया गेली, असंच कुणीही म्हणालं असतं. मग खोली ४ इंचांवर आणली. नुसत्या सरावावरची मुलं गडबडली; ज्यांना कारण माहीत होतं, त्यांनी नेम पटकन बदलला.

आपल्या वर्कशॉपमधला स्टार-डेल्टा स्टार्टर हा हुबेहूब तोच प्रयोग आहे. वायरींचे रंग पाहून जोडणी करायला पोरगा लवकर शिकतो आणि टेबलावरची मोकळी मोटर झकास उचलते. बाहेर मात्र मोटरवर भरलेला क्रशर असतो. मोटर नुसती गुंगुं करते, ओव्हरलोड रिले पडतो. स्टारमध्ये प्रत्येक वाइंडिंगला ४१५ ऐवजी २४० व्होल्ट मिळतात, त्यामुळे लाइनचा करंट एक तृतीयांश होतो आणि मोटरचा जोरही एक तृतीयांशच उरतो, हे ज्याला माहीत आहे तो आधी क्रशर रिकामा करायला सांगतो. ज्याला माहीत नाही तो रिलेचं सेटिंग वाढवतो आणि वाइंडिंग जाळून बसतो. सरावात दोघेही सारखेच.

मग व्याख्यान कधी? श्वार्ट्झ आणि ब्रॅन्सफर्ड यांनी १९९८ साली हाच प्रश्न तपासला. ज्यांनी आधी उदाहरणांशी स्वतः झटापट केली आणि मग व्याख्यान ऐकलं, ते सर्वांत पुढे गेले. आधी उतारा वाचून सारांश लिहिणारे मागे पडले. आणि झटापट दोनदा केली पण व्याख्यान ऐकलंच नाही, तेही मागे पडले. ही शेवटची ओळ प्रात्यक्षिकवाद्यांनी पुन्हा वाचावी. आपल्याकडे थिअरी सकाळी एका खोलीत आणि प्रात्यक्षिक आठवड्याने दुसरीकडे. ते उलटं करा. प्रशिक्षणाच्या गीझरचं अर्थिंग काढून शिल्पनिदेशकाने देखरेखीखाली पत्र्यावर मुद्दाम फेज द्यावा, पोरांना मल्टिमीटरवर पत्रा आणि जमीन यांमधले २३० व्होल्ट दाखवावेत, आणि ते डोळे विस्फारून पाहत असताना तिथेच वीस मिनिटं बोलावं.

‘ही मुलं पुस्तकी नाहीत, त्यांना कारणं पेलत नाहीत’ हे वाक्य मला सर्वांत जास्त खुपतं. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेतून नई तालीम निघाली, तेव्हा गांधीजींचा आग्रहच होता की हस्तकला यांत्रिकपणे शिकवू नये, प्रत्येक क्रियेमागचं कारण मुलाला कळलं पाहिजे. हाताच्या कामाचा त्यांच्याइतका कैवार कुणी घेतला नसेल. दहावीत मागे पडलेल्या पोराला फक्त ‘कसं’ शिकवून ‘का’ नाकारणं म्हणजे त्याला जन्मभर हेल्पर ठेवणं आहे.

निदेशकांची पदं रिकामी, एकाकडे दोन-दोन तुकड्या, ही अडचण खरी आहे. पण एक सुधारणा उद्यापासून होऊ शकते. प्रात्यक्षिक परीक्षेत जॉब तपासून झाला की परीक्षकाने एका वायरीवर बोट ठेवून विचारावं, ही काढली तर काय होईल? ज्याला सांगता येत नाही, त्याचा जॉब कितीही चोख असला तरी त्याला पास करू नये.